वाढते ती लय, ताल नव्हे

‘तबलजींनी ताल वाढवला’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि ‘ताल’ व ‘लय’ हे समानार्थी शब्द आहेत का, असे एका वाचकाने विचारले आहे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि मैफलींच्या निवेदनांत हे वाक्य इतक्यांदा ऐकावे लागते की त्याचा आता उबग आला आहे. त्रिताल या तालाच्या मात्रा, म्हणजे मोजायचे ठोके, १६. तो वाढवायचा तर १७वी मात्रा आणायची कोठून? वाढते ती लय.

शिवाच्या तांडवातला ‘ता’ आणि पार्वतीच्या लास्य या नाजूक नृत्यातला ‘ल’ मिळून ‘ताल’ झाला, ही कथा मोठ्या भक्तिभावाने सांगणाऱ्यांनी ‘तल’ म्हणजे तळहात या साध्या शब्दाकडे आणि आपल्या ‘टाळी’कडे एकदा पाहावे. खरी गंमत ‘लय’ या शब्दात आहे. ‘ली’ म्हणजे चिकटणे, विसावणे. ‘तल्लीन’ आणि ‘आलय’ याच धातूचे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त लयीची व्याख्या ‘क्रियेनंतरची विश्रांती’ अशी केली आहे. हातावर त्रिताल धरून पाहावा: पहिल्या मात्रेवर टाळी पडते, हात उचलला जातो आणि पाचवीवर पुन्हा टाळी पडते, या दोन टाळ्यांमध्ये हात जितका वेळ थांबतो, ती लय. द्रुत, म्हणजे जलद लयीच्या दुप्पट विश्रांती ती मध्य लय, आणि मध्याच्या दुप्पट ती विलंबित, म्हणजे संथ लय, असा त्याचा चोख हिशेब आहे. अमरकोश या श्लोकबद्ध संस्कृत शब्दकोशाने मात्र ‘लय म्हणजे साम्य’ एवढे म्हणून विषय संपवला. साम्य हा लयीचा गुण झाला, लय नव्हे. पण कोशकाराला श्लोक पुरा करायचा असतो.

संस्कृतात ‘लय’ पुल्लिंगी आहे आणि ‘विश्वाचा लय झाला’ म्हणताना आपणही तो पुल्लिंगीच ठेवतो. गाण्यातली लय तेवढी ‘ती’. माझ्या मते लयीला आपण ‘गती’ समजू लागलो आणि अर्थाबरोबर गतीचे लिंगही तिला चिकटले. विश्रांतीही स्त्रीलिंगीच आहे, असा आक्षेप कोणी घेईल. पण विश्रांती वाढली तर गाणे संथ होते, आणि आपण ‘लय वाढली’ म्हणतो तेव्हा ते धावू लागलेले असते.