शाळेतल्या टीम बिल्डिंगचा मुलांना खरंच उपयोग होतो का?

प्रश्न: मुलाच्या शाळेत एक दिवसाचं टीम बिल्डिंग शिबिर आहे, पैसे वेगळे भरायचेत. मुलं त्यातून काही शिकतात का?

उत्तर: एका दिवसात नाही शिकत. त्याला रोजचं मैदान लागतं आणि मुलांकडे लक्ष असलेला मास्तर लागतो.

मी चोपडा तालुक्यातली. नववीत आमच्या खो-खोच्या संघात वसतिगृहातली एक पावरा आदिवासी मुलगी आली, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. पळायला आमच्यात सगळ्यांत चपळ. तरी आम्ही तिला खो देत नव्हतो. कोणी ठरवलेलं नव्हतं, पण तिच्या पाठीशी आलं की पाय आपोआप पुढच्या चौकाकडे जायचे. मधल्या सुट्टीतही ती आमच्यात नसायची. आणि कर्णधार मी होते.

खो-खोत हे लपत नाही. आठ जणी एकीआड एक उलट्या तोंडाने बसलेल्या, नववी धावते. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही, घेतलेली दिशा बदलता येत नाही. पलीकडे जायचं तर खांबाला वळसा घाला, नाहीतर बसलेलीला खो द्या. तालुक्याला समोरच्या मुलींनी दोन मिनिटांत ओळखलं की त्या एका चौकातून कोणी उठतच नाही. त्या तिथेच घोटाळत राहिल्या, तिच्या शेजारून आरामात इकडून तिकडे. आम्ही हरलो. ती अख्खी नऊ मिनिटं तशीच बसून होती.

दुसऱ्या दिवशी पीटीच्या सरांनी मला तिच्या चौकात बसवलं आणि बाकीच्यांना सांगितलं, हिला खो द्यायचा नाही. असं दोन संध्याकाळी. मागून पावलं येतात, अंग उठायला तयार होतं, आणि पावलं पुढे निघून जातात. तिसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "तिले खो का नही देत होते वं तुम्ही?" मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी पहिला खो मी तिला दिला.

मग ती मधल्या सुट्टीत आमच्या कडुनिंबाखाली यायला लागली. आमची कळण्याची भाकरी खायची, आम्हाला पावरी शब्द शिकवायची.

दहावीत मुख्याध्यापकांनी 'बोर्डाचं वर्ष' म्हणून मुलींचा खेळ बंद केला. मुलांचा चालू होता. मी भांडायला गेले तर म्हणाले, खेळून पोट भरणार आहे का? मैदान गेलं तसं आमचं बोलणंही विरत गेलं. परीक्षा संपली आणि ती पाड्यावर निघून गेली, मला न भेटताच. त्यांनी नुसता खेळ नाही बंद केला, हे मला आजही त्यांना सांगायचंय.

शिबिराचे पैसे भरायचे तर भरा. पण पालकसभेत उभं राहून विचारा: खेळाचे तास आठवड्यात किती? त्या तासाला गणित तर घेत नाहीत ना? दहावीच्या मुलींना मैदान मिळतं का? आपल्याच खानदेशात साने गुरुजींनी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलं, छात्रालय सांभाळलं. ते रोज मुलांत असायचे, एका दिवसाचे पाहुणे नव्हते.

हो, प्रत्येक मूल पळणारं नसतं. माझा मुलगा नाही. त्याला गॅदरिंगचं नेपथ्य द्या, शाळेची परसबाग द्या. फक्त काम असं हवं की त्याच्यावाचून बाकीच्यांचं अडेल.

माझी मुलगी यंदा दहावीत आहे. तिच्याही शाळेत 'बोर्डाचं वर्ष' निघालं. मी तीन वेळा जाऊन बसले. आता रोज पाच वाजता दहावीच्या मुली मैदानावर असतात.