साडेनऊला गादीवर, दहाला पुन्हा हॉलमध्ये

लेक चार वर्षांची, साडेनऊला झोपवायला नेलं तरी पाणी, शू, डास चावला असं करत साडेअकरापर्यंत पाचदा बाहेर. नेटवर सगळे सांगतात 'अंथरुणातच ठेवा', सासूबाई म्हणतात 'झोप आली की झोपेल'. तुझं गाऱ्हाणं वाचलं. वयाने मोठी आहे, म्हणून अगंतुगं करते.

पहिलं म्हणजे, 'झोप आली नाही तरी पडून राहा' हे आपल्या घरांत कोण कुणाला सांगतं? आमच्या चाळीतल्या खोलीत रात्री गाद्या घालायच्या नि सकाळी सहाला त्यांच्या वळकट्या पेटीवर चढायच्या. डोळे उघडे ठेवून अंथरुणात दिसलं की 'लोळत काय पडलीयस', आणि सातनंतर उठलं की 'आले सूर्यवंशी!' जाग असेल तर उठायचं, हेच बाळकडू. तीच पोर रात्री टक्क जागी असताना पडून राहा म्हटलं तर तिला शिक्षाच वाटणार. त्यात भिंतीपलीकडे आजोबांची मालिका चालू. सगळी मजा बाहेर आहे, हे तिला बरोबर कळतं.

उशिरा झोपते म्हणून लाजू मात्र नकोस. 2010 साली तीन वर्षांपर्यंतच्या मुलांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, 17 देश-प्रदेशांतली. न्यूझीलंडची मुलं साधारण साडेसातला झोपत होती, हाँगकाँगची सव्वादहाला. आपल्याकडे तर शासनाने 2024 मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी 9 नंतर भरवायला सांगितलं, आणि मुलं रात्री उशिरा झोपतात हे त्याचं एक कारण होतं.

आता हिशेब कर. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात 10 ते 13 तास झोप लागते, दुपारची धरून. पाळणाघरात ती चार ते साडेसहा झोपत असेल, तर साडेनऊला झोप येणार कुठून? दुपारची झोप अलीकडे आण, तासाभरावर उठवायला सांग. आणि सकाळची वेळ आधी पक्की कर, रविवारीसुद्धा. रात्रीची त्यामागोमाग येते, पण दोन आठवडे धीर धर.

मालिकेवरून सासऱ्यांशी भांडू नकोस. आम्ही नऊ ते साडेनऊ दिवे मंद, आवाज बारीक, एवढंच मागून घेतलं होतं. थोपटायला आजीला बसव. 'झोप आली की झोपेल' म्हणणाऱ्या आमच्या सासूबाई स्वतः थोपटायला बसल्या की पोरगं दहा मिनिटांत गार. कधीकधी त्याही.

राहिलं ते बाहेर येणं. त्यावरची युक्ती अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांची आहे, 1999 सालची. तिथे मुलाला एक कार्ड देतात, एकदा खोलीबाहेर यायचा परवाना म्हणून. मी आमच्या धाकट्याच्या उशाखाली कॅरमच्या दोन सोंगट्या ठेवायचे. बाहेर यायचं तर एक सोंगटी माझ्या हातात. दोन्ही संपल्या की न बोलता, न रागावता परत गादीवर. सकाळी सोंगटी उरली तर डब्यात काय द्यायचं ते तो ठरवणार. मुलं त्या जपून ठेवतात गं, कंजुषासारखी.

रोज घोरत असेल किंवा तोंडाने श्वास घेत असेल, तर मात्र हे सगळं बाजूला ठेव आणि बालरोगतज्ज्ञांना दाखव.

आमचा धाकटा चौथ्या रात्री दोन्ही सोंगट्या उडवून तिसऱ्यांदा दारात उभा. म्हणाला, "आई, राणी उधार मिळेल?" नाही दिली.