‘सुटले’ असं वाटलं, मग लाज वाटली

प्रश्न : पक्षाघातानंतर हे सहा वर्षं अंथरुणावर होते. गेले तेव्हा आधी हायसं वाटलं. दोन महिने त्याचीच लाज वाटतेय.

उत्तर : दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतून भरवायचं, पाठीला जखम होऊ द्यायची नाही. हे सहा वर्षं केलेल्या शरीराला काम थांबल्यावर हलकं वाटणारच. संपले ते त्यांचे हाल आणि तुमची जागरणं. माया संपलेली नाही. ‘देवा, सोडव आता’ असं कधी मनात आलं असेल, तरी तो गुन्हा नव्हे. विश्वासातल्या एका माणसाला हे सांगून टाका. लाजेपायी जेवण सुटलं, तर समुपदेशकाकडे जा.

प्रश्न : बाबा गेल्यापासून आई रडलीच नाही. सगळे म्हणतात, तिला रडवा.

उत्तर : रडवू नका. जेवते का, झोपते का, एवढं बघा.

प्रश्न : यांच्या औषधाच्या वेळेला, रात्री दोनला, अजून जाग येते. नणंदेनं तिच्या अल्प्राझोलामच्या, म्हणजे घबराट कमी करून झोप आणणाऱ्या, गोळ्या दिल्या. महिनाभर घेतेय. बंद करू?

उत्तर : एकदम बंद करू नका आणि वाढवूही नका, याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. घरात कुणी गेलं की गोळ्यांची पाकिटं प्रसादासारखी वाटली जातात, याची मला फार काळजी वाटते. काही आठवड्यांत या गोळीची सवय लागते. अचानक थांबवली तर जीव घाबरा होतो, झोप पार उडते, क्वचित फिटही येते. डोस टप्प्याटप्प्यानं उतरवायचा असतो आणि तो डॉक्टरांनीच. साठीनंतर या गोळीच्या गुंगीत रात्री लघवीला उठताना तोल जाऊन खुब्याचं हाड मोडू शकतं. दारू किंवा मॉर्फिनसारखं वेदनाशामक सोबत गेलं, तर श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो. म्हणून पतीची उरलेली औषधंही कपाटात ठेवू नका. चिठ्ठीशिवाय ही गोळी विकणारा दुकानदार कायदा मोडतो.

दोनची जाग हा आजार नाही, शरीराला लागलेलं वळण आहे. जुना गजर काढा. दुपारची झोप अर्धा तास, चारनंतर चहा नको. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही, तर मोबाइल न घेता बाहेरच्या खोलीत बसा. सकाळी मात्र ठरल्या वेळेलाच उठा.

प्रश्न : नवरा पिऊन मारायचा. आता घर शांत आहे, तरी रात्री आठला कान दाराकडे लागतात आणि रडू येतं.

उत्तर : चपलांच्या आवाजावरून आज किती प्यायलाय हे ओळखायची सवय कानांना लागलीय; ती हळूहळू जाते. रडू येतं ते न मिळालेल्या संसारासाठीही. दचकणं महिनाभरात ओसरलं नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : ‘सुटले’ म्हटल्यानं आत्मा अडकलाय, शांतीला 21 हजार लागतील, असं सांगतात.

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. हा तुमच्या लाजेवर मांडलेला धंदा आहे.

प्रश्न : वर्षश्राद्धापर्यंत वाट बघू का? पत्नीला जाऊन सात महिने झाले, अंघोळीलाही उठवत नाही.

उत्तर : नका बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत सहा महिन्यांहून जास्त टिकणारा, रोजचं जगणं अडवणारा शोक हा उपचार लागणारा विकार आहे. याच आठवड्यात तज्ज्ञांना भेटा. तिच्यामागे जावंसं वाटलं, तर घरच्यांना लगेच सांगा आणि ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.