अल निनोचं वर्ष आहे, पेरू का थांबू?

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर-सेलू भागातून आलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं आज एकत्रच देतो, कारण दोन्हींच्या मुळाशी धास्ती एकच आहे. एक काका विचारतात, "मोबाइलवर रोज अल निनो, अल निनो चाललंय. सोयाबीन पेरू का रान पडीक ठेवू?" दुसरा प्रश्न एका ताईंचा: "पडतो तेव्हा बांध फोडून जातो, मग वीस दिवस थेंब नाही. असं का होतंय, आणि आमच्याकडे ट्रॅक्टर नाही, आम्ही काय करावं?"

काका, रान पडीक ठेवू नका. अल निनो म्हणजे प्रशांत महासागराच्या मध्य आणि पूर्व भागातलं पाणी नेहमीपेक्षा किमान अर्धा अंश तापणं. ढगांचा जोर मग तिकडे सरकतो आणि आपला मान्सून दबण्याची शक्यता वाढते. शक्यता म्हणतोय, खात्री नाही. 1997 ला मोठा अल निनो होता, तरी देशात सरासरीच्या 102 टक्के पाऊस झाला. 2002 चा अल निनो त्यापेक्षा कितीतरी मवाळ, पण पाऊस 81 टक्क्यांवरच अडकला. तेव्हा त्या नावावरून आपल्या शिवाराचा निर्णय होत नाही.

खरा घात खंड करतो, म्हणजे हंगामाच्या मधेच पावसानं दडी मारणं. 2023 आठवा. हंगामाचा देशातला आकडा 94 टक्के, कागदावर ठीकच. पण ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वांत कोरडा गेला, नेमका सोयाबीन फुला-शेंगांत असताना.

म्हणून मृग लागला, शेजाऱ्याची तिफण निघाली म्हणून पेरू नका. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाला की रानात जा आणि वीतभर खोल कुदळ मारा. खालची माती मुठीत दाबली की गोळा झाला पाहिजे, पण बोटांना चिकटायला नको. हा वाफसा. खाली कोरडी ढेकळं लागली तर थांबा, दुबार पेरणीचं बियाणं फुकट मिळत नाही. थांबण्यालाही हद्द आहे: मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर नको, सोयाबीन 15 जुलैनंतर नको. त्यापुढे तूर, बाजरी, सूर्यफूल. सगळं रान एकट्या सोयाबीनखाली घालण्यापेक्षा चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर घ्या. हलक्या रानाला तुरीची बीडीएन 711 ही जात चांगली, साधारण पाच महिन्यांत निघते. घरचं बियाणं असेल तर ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून बघा. सत्तर उगवले तर एकरी 30 किलो पुरे.

आता ताईंचं. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. पृथ्वी अंशभराहून जास्त तापलेली आहेच. म्हणून पडतो तेव्हा ओततो. मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्याचं हवामान अभ्यासकांनी मोजलंय, आणि वार्षिक बेरीज फारशी वाढलेली नसताना. तुमचा अनुभव खरा आहे.

एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर पाणी. शंभर मिलिमीटर एका रात्रीत आला तर चार लाख लिटर. ते मुरवायचंही आणि जास्तीचं काढूनही द्यायचं, म्हणून रुंद वरंबा सरी, म्हणजे रुंद गादीवर पीक आणि दोन्ही बाजूंना सरी, आपलं बीबीएफ. यंत्र नसेल तर अडू नका. पेरणी उताराला आडवी करा. पीक 25-30 दिवसांचं झालं की कोळप्याच्या (तण काढायच्या बैलाच्या अवजाराच्या) फासेला दोरी गुंडाळा आणि दर चार ओळींनंतर सरी पाडत जा. बैलजोडीवर होतं, आणि एकदा जमलं की दिवसभरात बरंच रान उरकतं. तीच सरी पावसात चर होते, खंडात ओल धरते.

खंड पडलाच तर आधी कोळपं चालवा. भेगा बुजल्या की ओल उडत नाही. एक कोळपणी अर्धं पाणी, हे म्हातारी माणसं उगाच म्हणत नव्हती. त्यानंतर 13:00:45 (पोटॅशियम नायट्रेट) खत दहा लिटर पाण्याला 100 ग्रॅम घालून फवारा, उन्हं कलल्यावर. ढग भरून आले असतील तर त्या दिवशी पंप खुंटीलाच राहू द्या.