आयात मांस: रस्सा पातळ, तुकडे चिवट

प्रश्न : क्वालालंपूरच्या बाजारात 'डागिंग इम्पोर्ट' म्हणून मिळणारं गोठवलेलं बीफ स्थानिक ताज्या मांसापेक्षा बरंच स्वस्त पडतं. पण रश्श्याला पाणी सुटतं आणि तुकडे चिवट राहतात. चुकतं कुठे?

उत्तर : हे स्वस्त मांस बहुतेक वेळा भारतातून गेलेलं म्हशी-रेड्याचं असतं. रंगाने गडद, चरबी पांढरीशुभ्र. गाईबैलाची चरबी पिवळसर असते. भारतातून ते बिनहाडाचंच निर्यात होतं, त्यामुळे हाडासकट तुकडा 'इंडियन' म्हणून कुणी दाखवला तर सरळ पुढे व्हा.

सुटं घेण्याआधी मूळ खोका पाहायला मागा. त्यावर तुकड्याचं नाव, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, कारखान्याचा क्रमांक हवा. पिशवीच्या कोपऱ्यात लाल बर्फ साचला असेल, तर माल मध्ये वितळून पुन्हा गोठलाय. दुसऱ्यांदा गोठताना बर्फाचे खडे मांसाचे तंतू फोडतात आणि तेच पाणी तुमच्या रश्श्यात उतरतं. करडे, कोरडे डाग उघड्या गारठ्याने पडतात. तेवढा भाग कापून टाका. दुकानदाराने सकाळीच वितळवून मांडलेलं मांस त्याच दिवशी शिजवा, परत फ्रीझरमध्ये नको.

गोठलेला गठ्ठा ओट्यावर ठेवू नका, बाहेरून खराब होऊ लागतो तरी आत दगडच. खाली ताट ठेवून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. 2 किलोला साधारण 24 तास लागतात. सुटलेलं पाणी फेका, मांस कोरडं पुसा आणि थोडं थोडं करून परता. सगळं एकदम टाकलं की ते भाजायच्या ऐवजी उकडतं.

रश्श्याला पायाचा स्नायू, म्हणजे शिन घ्या. त्यातल्या शिरा कुकरमध्ये शिटीनंतर मंद आचेवर 30-35 मिनिटांत विरघळतात. सिल्व्हरसाइड, म्हणजे मागच्या मांडीचा तुकडा, दिसायला देखणं, पण चरबी नाही. जास्त शिजवलं की भुसा. ते धाग्यांना आडवं, पातळ कापून परतायला ठेवा. मऊ व्हायला किलोला एक मोठा चमचा कच्च्या पपईचा गर तासभर पुरे, रात्रभर ठेवलं तर लगदा. खिमा तयार घेऊ नका, तुकडा निवडून समोर करून घ्या.

प्रश्न : कोल्हापूरला घरी येताना हे सोबत आणता येईल?

उत्तर : नाही. गोमांसाच्या आयातीला भारतात बंदी आहे आणि इतर मांसालाही परवाना लागतो. महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हशीला नाही. परवाना असलेल्या दुकानात म्हशीचं ताजं मांस मिळतं, आणि तिथे नळीही मिळते.