ओडरलेस, अनसेंटेड की अजून काही?

प्रश्न : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला आहे. बाहेरच्या पार्टीला मेल मीच लिहिते. आता एका पार्टीनं विचारलंय की मालाला कसला वास येणार नाही ना. मालक म्हणतात नो स्मेल लिहून टाक, भाऊ म्हणतो स्मेललेस लिही, आणि डिक्शनरीत बघितलं तर ओडरलेस, सेंटलेस, अनसेंटेड, इनोडरस अशी रांगच लागली. यातला कुठला घालू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, भावाचा स्मेललेस पहिला बाजूला ठेवा, तो बनतो नीट पण वापरत कोणी नाही. इनोडरस पण सोडा, तो जुन्या शास्त्राच्या पुस्तकातला. राहिले तीन.

ओडरलेस म्हणजे ज्याला मुळातच वास नाही असा पदार्थ, शाळेत पाणी कसं रंगहीन गंधहीन चवहीन म्हणून पाठ केलं होतं त्यातलं गंधहीन. गॅस, पाणी, केमिकल, पावडर यांच्यासाठी तो एकदम फिट बसतो. सेंटलेस जास्त करून फुलांसाठी, दिसायला झकास पण वास नाही अशी फुलं असतात की, त्यांना. आणि अनसेंटेड म्हणजे वरून सुगंध जाणवेल असं काही घातलेलं नाही, हा साबण, क्रीम, डिटर्जंट यांच्यावर छापतात. यात एक गंमत आहे, अनसेंटेड लिहिलेल्या मालात सुद्धा कधीकधी मूळ केमिकलचा वास झाकायला थोडा परफ्यूम घातलेला असतो, त्यामुळं ज्यांना सुगंधानं अंगावर पुरळ येतं त्यांनी फ्रॅग्रन्स-फ्री लिहिलेलं बघावं, आणि तरी मागची बारीक अक्षरं वाचावीतच.

आता तुमचा टॉवेल. टॉवेलला ओडरलेस म्हणलं तर चूक धरणार नाही कोणी, पण धंद्याच्या मेलमध्ये ओडर-फ्री किंवा फ्री फ्रॉम एनी अनप्लेझंट ओडर हे जास्त शोभतं, कारण पार्टीला सूत मुळात गंधहीन आहे का नाही याच्याशी काही घेणं नाही, खोका उघडल्यावर नाक मुरडायची वेळ येऊ नये एवढंच त्याला पाहिजे. डाइंगनंतर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड मारलं आणि धुलाई कमी पडली तर व्हिनेगरसारखा वास राहतो, आणि माल पुरता न वाळवता पॅक केला तर कुबट वास धरतो, त्या कुबट वासाला इंग्रजीत मस्टी म्हणतात. हा शब्द पार्टीच्या मेलमध्ये दिसला तर लगेच पॅकिंगवाल्याला गाठा, विशेषण नंतर शोधू.

स्पेलिंगचं पण सांगतो. आपल्याकडं ब्रिटिश पद्धत, म्हणून ओ-डी-ओ-यू-आर करून पुढं लेस. अमेरिकेची पार्टी असेल तर यू गाळायचा. पण ओडरस लिहिताना ब्रिटिश लोक सुद्धा यू गाळतात, का ते त्यांनाच विचारा.

प्रश्न : मुलाच्या पुस्तकात एलपीजी ओडरलेस आहे असं दिलंय. पण आमच्या घरी शेगडीचं बटण जरा जरी चालू राहिलं तरी घरभर वास सुटतो. पुस्तक चुकलं का?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : पुस्तक बरोबर आहे आणि तुमचं नाक पण बरोबर आहे. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन, या दोन्हीला कळेल असा वास नसतो. आपल्याला येतो तो वास मुद्दाम घातलेल्या इथाइल मरकॅप्टनचा. हे गंधकाचं संयुग आहे आणि त्याचा इतका उग्र भपका येतो की हवेत नावापुरतं मिसळलं तरी नाकाला कळतं. गॅसला वास का घालायला लागला त्याची एक फार वाईट गोष्ट आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये न्यू लंडन म्हणून गाव आहे, तिथल्या शाळेत 18 मार्च 1937 ला इमारतीखालच्या पोकळीत नैसर्गिक वायू गळून साठत गेला, त्याला वास नव्हता त्यामुळं कोणालाच पत्ता लागला नाही, आणि एका ठिणगीसरशी शाळा उडाली. जवळपास 300 मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर तिथं गॅसमध्ये वास घालायचा कायदा झाला आणि पुढं ही पद्धत सगळीकडं पसरली. मुलाला ओडरलेस पाठ करून घेताना एवढं सांगाच, पाठांतरापेक्षा हे जास्त लक्षात राहील त्याच्या.

आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खाली जमिनीलगत साचतो. वास आला की रेग्युलेटर बंद, दारंखिडक्या उघड्या, लाइटचं बटण चालू पण करायचं नाही आणि बंद पण करायचं नाही. बाहेर येऊन 1906 ला फोन लावा. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणारे अजून आहेत, त्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड खराखुरा ओडरलेस, त्यात मरकॅप्टन घालायला कोणी येत नाही.

प्रश्न : सर्दीनं माझा वास गेला होता तेव्हा मी ऑफिसात आय डोन्ट स्मेल म्हणलो तर सगळे हसले. का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : कारण तुम्ही सांगितलंत की माझ्या अंगाला वास येत नाही! आय कान्ट स्मेल एनिथिंग म्हणायचं. वासच न येण्याच्या त्रासाला अनॉस्मिया म्हणतात, कोविडात हा शब्द बराच फिरला, आणि तसा माणूस अनॉस्मिक, ओडरलेस नव्हे. स्मेल्सच्या पुढं काही न लावता वाक्य सोडलं तर इंग्रजीत ते बहुतेक वेळा वाईटच वास धरतं, म्हणजे शेंगाचटणीच्या पाकिटावर अवर चटणी स्मेल्स छापलं तर गिऱ्हाईक समजणार शेंगदाणे खवट झाले. स्मेल्स गुड लिहा, नाहीतर सरळ अरोमा.