वडिलांच्या आठवणीत शहराच्या जागेवर झाड लावायचं आहे, परवानगी कशी मागावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ज्या सार्वजनिक बागेत रोज फिरायला जायचे, तिथेच त्यांच्या आठवणीत एक झाड लावायचं आहे. जागा शहराची आहे. परवानगी कोणाकडे मागायची, की रोप नेऊन सरळ लावलं तरी चालेल?

सरळ नेऊन लावू नका. झाड वडिलांच्या आठवणीचं आहे म्हणून तर अजिबातच नको. मी बरीच वर्षं उद्यान विभागात असे अर्ज तपासत होतो आणि न सांगता लावलेल्या रोपांचं काय होतं ते जवळून पाहिलं आहे. नोंदीत नसलेल्या झाडाला कोणी वाली नसतो. गवत काढणाऱ्याला ते आपोआप उगवलेलं वाटतं, नाहीतर खाली जलवाहिनी निघते आणि झाड चांगलं जोम धरत असतानाच काढावं लागतं.

अर्ज उद्यान विभागाकडे करायचा. वृक्षांसाठी वेगळा विभाग असेल तर त्याच्याकडे. आधी फोन करून विचारा की स्मृतिवृक्षांची काही योजना आहे का. असली तर अर्जाचा नमुना, शुल्क, झाडांची यादी सगळं ठरलेलं असतं. नसली तर साधं पत्रही चालतं. रस्त्याकडेची जागा मागितलीत तर आणखी दोन-तीन खात्यांची मतं घ्यावी लागतात, त्यामुळे बागेतलीच जागा मागताय हे चांगलं आहे.

पत्रात बहुतेक जण एकच जागा लिहितात, बाबा बसायचे त्या बाकाशेजारची. त्यामागची भावना मला समजायची, पण असे अर्ज अडकायचे. जागा पाहताना पाण्याची आणि सांडपाण्याची वाहिनी, विजेच्या तारा, दिव्याचा खांब, वळणावर समोरचं दिसणं, शेजारच्या मोठ्या झाडाची सावली असं सगळं तपासावं लागतं, आणि बाकाशेजारी यातलं काहीतरी हटकून निघतं. म्हणून दोन-तीन जागा पसंतीक्रमाने द्या आणि खाली लिहा: ‘यांपैकी एकही शक्य नसल्यास याच बागेत आपण सुचवाल ती जागा आम्हाला मान्य आहे.’ शिवाय तिथे पुढे काही बांधकामाचा प्रस्ताव आहे का, हे विचारा आणि उत्तर लेखी मागा.

झाडाच्या जातीचंही तसंच. वडिलांचं आवडतं झाड जरूर लिहा, पण पर्याय द्या. एकाच जातीची झाडं फार झाली की एखाद्या रोगात सगळी एकदम जातात. उत्तर अमेरिकेतल्या रस्तोरस्तीचे एल्म वृक्ष डच एल्म रोगाने असेच गेले. अमेरिकी वृक्षसंशोधक फ्रँक सांतामूर यांनी १९९० मध्ये मांडलेला १०-२०-३० चा नियम आजही अनेक शहरं पाळतात: एकूण झाडांत एका जातीची १० टक्क्यांहून, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) २० टक्क्यांहून आणि एका कुळाची (अशा प्रजातींच्या मोठ्या गटाची) ३० टक्क्यांहून जास्त नकोत. त्यामुळे तुमच्या आवडीच्या झाडाला नकार आला, तर त्यात तुमच्या वडिलांचा अनादर नसतो.

आता मुख्य गोष्ट. लोक जागेसाठी भांडतात आणि पहिल्या तीन वर्षांबद्दल अवाक्षर काढत नाहीत. झाड जगतं की मरतं ते त्याच तीन वर्षांत ठरतं. पाणी कोण घालणार, किती दिवसांनी, कोरड्या दिवसांत काय, हे पत्रात आलंच पाहिजे. कुटुंब पाणी घालायला तयार असेल तर तसं लिहा. ‘जागा तुम्ही ठरवा, पाणी आम्ही घालू’ असं लिहिलेला अर्ज आमच्याकडे आला, की तो मंजूर व्हावा म्हणून आम्हीच धडपडायचो.

मोठं झाड आणून लावण्याचा मोह होतो, तो टाळा. मोठं झाड जमिनीतून खणून काढताना त्याची बरीचशी मुळं मागेच राहतात आणि ते कितीतरी काळ नुसतं तगून राहतं. लहान रोप लवकर सावरतं, बऱ्याचदा मागून येऊन त्याला गाठतंही. लावताना कोणीतरी जाणकार हवा. पिशवी काढल्यावर मुळं गोल गोल गुंडाळलेली दिसली तर मोकळी करायची, नाहीतर पुढे तीच खोडाला आवळतात. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, खोली मात्र गोळ्याएवढीच. खोड जिथे पसरून मुळांत उतरतं, तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा, पण खोडाला टेकू देऊ नका. या पाचोळ्याने ओल टिकते आणि गवत वाढत नाही. गवत कापायच्या यंत्राची फिरती दोरी कोवळ्या सालीवर सगळीकडून लागली, तर झाड काही काळ हिरवं दिसतं आणि मग वाळतं. अशी कितीतरी चांगली झाडं मी गेलेली पाहिली आहेत.

झाड लावलं तरी ते शहराच्याच मालकीचं राहतं. छाटणी, वेळ आलीच तर तोडणीही, तेच ठरवणार. म्हणून ‘झाड मेल्यास त्याच जागी किंवा जवळ दुसरं लावून द्याल का, आणि किती वर्षांपर्यंत?’ हे आत्ताच विचारा. विचारायला जड जातं, पण नंतर विचारणं त्याहून जड जातं. झाडाचा नोंद क्रमांकही मागून घ्या. मेलबर्न शहराने झाडांना क्रमांकांसोबत ईमेलचे पत्तेही दिले होते. हेतू मोडक्या फांद्या कळवण्याचा होता, लोकांनी झाडांना प्रेमपत्रं लिहिली. तुमच्याकडे तसं नसलं तरी क्रमांक असला की तक्रार नेमक्या झाडापर्यंत पोचते.

नावाची पाटी झाडावर ठोकू नका, खोडाला तारेने बांधूही नका. खोड जाड होतं आणि तार सालीत रुतते. पाटी जमिनीत वेगळी लावायची परवानगी मागा. काही ठिकाणी पाटी चालत नाही, नाव नोंदवहीत घेतात. दहनानंतरची राख खड्ड्यात घालायचा विचार असेल तर तो सोडा. तिच्यात क्षार फार असतात आणि ती तीव्र अल्कधर्मी असते, कोवळ्या मुळांना सोसत नाही.

तारखेचा आग्रहही धरू नका. वडिलांची पुण्यतिथी ऐन उन्हाळ्यात येत असेल तर रोप योग्य हंगामात लावून घ्या आणि त्या दिवशी सगळे मिळून पाणी घालायला जा. लागवडीच्या दिवशी खड्डा आणि आधाराची काठी कर्मचाऱ्यांकडे सोपवा. शेवटची माती घरच्यांनी लोटू द्यावी एवढी विनंती पत्रात करा. मी असताना तिला कधी कोणी नाही म्हटलं नाही.